गोळीवाले साहेब

"ताई, आज आल्याचा दिवस आहे बघा," भिंतीपलीकडून वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून नाकात झणझणतंय."

आमच्या दापोडीतल्या या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. बैठी घरं, मध्ये छातीएवढी भिंत आणि त्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ टेकलेली वहिनींची कोपरं. पण कोपऱ्यावरच्या घरातला वास स्वयंपाकाचा नाही, धंद्याचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला असलेला हा गृहस्थ आता घरी गोळ्या करतो. खायच्या गोळ्या. आलेपाक, लिंबाच्या, कोकमाच्या, आणि संक्रांतीच्या आसपास चिक्की. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलंय गोळीवाले साहेब.

"पण मला सांगा," वहिनींनी रोजचा मुद्दा काढला, "नाशिक फाट्यावर कंपनीची बस यायची. एक तारखेला पगार, पीएफ, कॅन्टीनचं जेवण, दिवाळीला बोनस. ते टाकून माणूस साखर उकळत बसतो का? आमच्या ह्यांनी एसटीच्या वर्कशॉपात रिटायर होईपर्यंत हातातला पाना सोडला नाही."

"सोडली का सुटली, कुणाला माहीत," मी आवाज खाली आणत म्हटलं.

"तेच तर. तो म्हणतो मीच सोडली."

या पट्ट्यात हे उत्तर कुणी खोदून विचारत नाही. आकुर्डीला बजाजचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, तळेगावला जनरल मोटर्सची लाइन २०२० च्या डिसेंबरात थांबली. मोठ्या कंपनीचं नाव पेपरात येतं, तिच्या मागे असलेल्या छोट्या शेडचं येत नाही. 'मीच सोडली' म्हणणारा एकतरी माणूस प्रत्येक गल्लीत असतो, आणि आपण मान हलवून चहा पुढे करतो. शिवाय चाकणच्या तळेगाव चौकात रोज तास-तास बसमध्ये बसलेल्या माणसानं खरंच स्वतःहून सोडली असेल, तरी मला नवल वाटणार नाही.

"ते जाऊ द्या. खपतं का?" मी विचारलं.

"आलेपाक जातो. गोळीचं अवघड. मागे आपल्या वाण्याकडे नमुना घेऊन गेला होता. वाणी म्हणाला, रुपयाला देता का?"

इथे खरी गोम आहे. मी वहिनींना तिथल्या तिथे हिशोब मांडून दाखवला. चार ग्रॅमची एक गोळी धरा. किलोत अडीचशे गोळ्या. रुपयाला एक म्हणजे किलोचे अडीचशे रुपये, तेही गिऱ्हाइकाच्या हातातले. वाण्याचं कमिशन आधी वजा. राहिले त्यात चाळीस-पंचेचाळीसची साखर, लिंबं, गॅस, कागद, बरणी, आणि अडीचशे वेळा कागदाला दोन्हीकडून पीळ देणारा हात. यंत्राला हे परवडतं, कारण यंत्र मिनिटाला शेकड्यानं गुंडाळतं. हातानं केलेल्या गोळीला रुपया हा भावच नव्हे. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गोळी म्हणजे सुट्टे पैसे. पेढ्याला आपण साताठशे रुपये किलोचे मुकाट मोजतो, गोळीला दोन रुपये म्हटलं की 'लूट आहे' म्हणतो. साखर दोन्हीकडे तीच.

"आता तर सुट्टे म्हणूनही कुणी देत नाही," वहिनी म्हणाल्या. "मोबाइल दाखवला की सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीसच जातात. पूर्वी तीन रुपयांच्या तीन गोळ्या घरी यायच्या."

"म्हणून तर रावळगाव गेलं."

"कुठे गेलं?"

वहिनींना ठाऊक नव्हतं, तेव्हा मी जरा सरसावले. रावळगाव हे मालेगावजवळचं गाव. तिथे १९३३ मध्ये वालचंद हिराचंदांनी साखर कारखान्याचा घाट घातला आणि १९४० च्या दशकात गोळ्या सुरू केल्या. हा माणूस मुळात कंत्राटदार. आपल्या भोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीनं केलेलं. मग जहाजं, साखर, विमानं, मोटारी. असल्या माणसानं मध्येच गोळ्याही केल्या आणि त्या तीन पिढ्यांनी चघळल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक. २०२४ च्या फेब्रुवारीत ही सगळी नावं आणि कृती रिलायन्सनं २७ कोटींना घेतल्या. जमीन, इमारत, यंत्रं रावळगावकडेच राहिली. कच्चा माल महाग, वीज महाग, मजुरी महाग, गोळीचा भाव मात्र हलत नाही, हे दुखणं जुनंच होतं.

"पान पसंदसकट सगळं २७ कोटीत?" वहिनींनी गालाला हात लावला. "पुण्यात बिल्डर एकेका इमारतीवर याहून जास्त ओततात."

"मग तुमचे साहेब कुठल्या जोरावर उतरलेत?"

"साहेब वाण्याकडे जायचे थांबलेत," वहिनी म्हणाल्या. "गोळी नगावर विकायची नाही, असं ठरवलंय. काचेची बरणी, तीनशे ग्रॅम, दीडशे रुपये. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो टाकतो. तिकडे दीडशेला कुणी हूं की चूं करत नाही. मेट्रोनं मंडईला उतरतो, बोहरी आळीतनं बरण्या आणतो, येताना मांडीवर खोका."

ही चाल मला पटली. बरणी घेणारा मनात गोळ्या मोजत नाही, भेटवस्तूची किंमत करतो. भाव तोच, दोन रुपयाला एक. फक्त वाण्याच्या काउंटरवरून उचलून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला. ह्यात फसवणूक नाही. अडीचशे पीळ देणाऱ्या हाताची मजुरी कुठूनतरी निघायलाच हवी.

"पण करतो कसं एकटा? आपला साखरेचा पाक चुकला तर लाडू हातोडीनं फोडावे लागतात."

इथे वहिनींनी पदर खोचला, आणि जे सांगायला लागल्या ते ऐकून मी हातातले कपड्यांचे चिमटे खाली ठेवले.

"साखर, पाणी, वर थोडं ते ग्लुकोजचं पातळ सिरप. ते नसलं तर लिंबाचा रस. नाहीतर पाक पुन्हा साखर होऊन बसतो. एकदा उकळी आली की डाव घालायचाच नाही. पातेल्याच्या कडेला दाणे चिकटतात ते ओल्या ब्रशनं खाली उतरवायचे. एक दाणा जरी पाकात पडला तरी सगळी बॅच कणीदार. मग तापमान बघत बसायचं. पुस्तकात लिहिलंय १५० अंश. हा १४८ लाच उतरवतो."

"दोन अंशांनी काय होतं?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाला, आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच. आपल्याकडे पाणी १०० ला नाही उकळत, ९८ ला उकळतं. आधी नुसत्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर घालून बघितला, मग पुस्तकातले आकडे दोन-दोननं खाली आणले. कंपनीत म्हणे मोजायचं हत्यार आधी तपासायचं, मग माल."

बरोबर आहे. आपल्या आयांनी थर्मामीटर कधी पाहिला नव्हता. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, ताटलीवर आपटला की टण वाजला पाहिजे, दातांनी कट्कन तुटला पाहिजे. ह्याच्या आईचा अजून त्यावरच भरवसा. पण आई वर्षातून एकदा संक्रांतीला करायची, घरच्यांपुरतं. एखादा घाणा मऊ निघाला तर पोरं तोही खायची. दीडशे रुपये घेतल्यावर मऊ चालत नाही. क्वालिटीच्या नोकरीतलं ह्याला जे उपयोगी पडलं ते एवढंच, की आज जशी झाली तशीच पुढच्या मंगळवारी व्हायला हवी हे त्याच्या अंगात मुरलंय. प्रत्येक घाण्याला नंबर, वहीत तारीख, तापमान, हवा कोरडी की दमट. एका बाईनं बरणी परत आणली, गोळ्या एकमेकींना चिकटल्या म्हणून. ह्यानं बरणीवरचा नंबर बघितला, वही उघडली, आणि त्या दिवसाच्या उरलेल्या सगळ्या बरण्या बाजूला काढल्या. हे आपल्याला सुचलं नसतं. आपण म्हटलं असतं, "अहो, तुम्ही झाकण उघडं ठेवलं असेल."

"पुढे ऐका," वहिनी थांबेनात. "मग तेल पुसलेल्या फरशीवर ओततो. काळी ग्रॅनाइटची फरशी आणलीय खास. कडा जरा घट्ट झाल्या की पत्र्याच्या उलथन्यानं आत घडी घालत जायचं. लिंबूफूल नि वास त्या वेळी घालायचा, आधी घातलं तर वास उडून जातो. मग हातमोजे घालून ओढायचं, वळायचं, दोरीसारखं लांब करायचं, आणि कात्रीनं कापायचं. कापताना दर वेळी दोरी थोडी फिरवायची, म्हणजे गोळीला चार कोन येतात. फार वेळ नाही मिळत. गार झाली की कात्रीखाली काच फुटते."

"हात भाजत असेल."

"बादलीभर पाणी शेजारी असतंच. पाण्याचा चटका परवडला, पाक कातडीला धरून बसतो. पोरांना तेवढा वेळ आत येऊ देत नाहीत."

वहिनींना एवढं बारीक कसं माहीत, हा प्रश्न तेव्हाच माझ्या मनात आला होता. पण त्यांची गाडी मध्ये थांबवली की पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून गप्प बसले.

मी विचारलं ते पावसाळ्याचं. आपलं गाव मुळा-पवनेच्या संगमावर. जुलैत धरणातनं पाणी सोडलं की खालच्या वस्तीतले लोक सामान वर उचलतात, आणि आपल्या घरात मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात. काचेसारखी गोळी अशा हवेत काय तग धरणार?

"नाही धरत. पहिल्या पावसाळ्यात सगळं पाघळलं. बरणीत गोळ्या नाही, एक गोळा."

म्हणून पावसाळ्यात लिंबाची गोळी बंद आणि आलेपाक चालू. ह्यामागचं कारण गमतीचं आहे. लिंबाच्या गोळीत साखरेचा एकही कण जमू द्यायचा नाही, ती काच झाली पाहिजे. आलेपाकात उलटं. किसलेलं आलं नि साखर आटवत आणायची, आणि उतरवल्यावर मुद्दाम घोटायची, म्हणजे साखर बारीक कणांनी जमते आणि वडी खुसखुशीत पडते. अशी कणीदार वडी हवेतलं पाणी काचेच्या गोळीइतकं ओढून घेत नाही. शिवाय पावसातच लोकांना आलं आठवतं. लोकलमध्ये, एसटी स्टँडवर आलेपाक विकणारे हे शास्त्र न शिकता पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. ह्याला एक अख्खा पावसाळा घालवून कळलं.

"आईनं आधीच सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पण आईचं थर्मामीटरवर दिसत नाही ना."

दारासमोरून स्टेशनकडे जाणारी माणसं दिसली की मला लोणावळा आठवतं. आपली लोकल शेवटी तिथेच जाते. घाटात रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ-दाण्याची गुडदाणी विकता विकता आगरवालांची मगनलाल चिक्की उभी राहिली असं तिकडे सांगतात. म्हणजे सुरुवात भुकेपासून. मजुराला स्वस्तात पोटभर, खिशात मावणारं, न नासणारं काहीतरी हवं होतं. मग सहलीवाले आले आणि तीच चिक्की खोक्यात गेली. पाचगणीचं उदाहरण तर ह्या गोळीवाल्याला अगदी जवळचं. किशोर व्होरा हे फार्मासिस्ट. १९५९ मध्ये त्यांनी तिकडच्या स्ट्रॉबेरीचा जॅम करायला घेतला, त्यातून मॅप्रो झाली, पुढे फळांच्या गोळ्याही आल्या. औषधं मोजणाऱ्या हाताला साखर मोजणं जड जात नाही.

"आणि वहिनी, म्हातारीचे केस काढायचं यंत्र कुणी शोधलं ठाऊक आहे? अमेरिकेत नॅशव्हिल म्हणून शहर आहे, तिथल्या एका दाताच्या डॉक्टरनं. १८९७ मध्ये, मिठाईवाल्याला सोबत घेऊन. १९०४ ला सेंट लुईसच्या जत्रेत त्यांनी अडुसष्ट हजारांवर डबे विकले."

"दाताच्या डॉक्टरनं!" वहिनींना हसू आवरेना. "म्हणजे एका हातानं किडवायचे, दुसऱ्या हातानं काढायचे!"

हसणं ओसरल्यावर वहिनींनी सरकारी बाजू काढली. छोट्या धंद्याला मोठं लायसन्स लागत नाही, नोंदणी पुरते. ह्यानं केली तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्यांना शंभर रुपये वर्षाला पडत होते. ऑनलाइन अर्ज, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. नोंदणीचा चौदा आकडी नंबर बरणीवर छापायचा. त्याबरोबर हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, कधी केलं, कधीपर्यंत खायचं, कुणी केलं. शेवटी लेबल एवढं मोठं झालं की आतली गोळी दिसेना.

"आणि एक गंमत," वहिनी म्हणाल्या. "आलेपाकाच्या लेबलवर 'खोकल्यावर रामबाण' छापणार होता. प्रिंटवाल्यानंच अडवलं. खाण्याच्या वस्तूवर आजार बरा होतो म्हणून छापलं, तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो म्हणे."

"मग?"

"मग काय, नुसतं 'आलेपाक' छापलंय. खोकल्याचं आई दारात उभी राहून तोंडानं सांगते."

विक्रीची खरी मेख मात्र दुसरीच निघाली. पालिकेची पवनाथडी जत्रा भरते, सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर. तिथे स्टॉल महिला बचत गटांना. साहेबांचा अर्ज कसा लागणार? तर बायकोच्या गटाला स्टॉल मिळाला आणि साहेब मागे खोके उचलायला. वर्षानुवर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारले, तो गटाच्या अध्यक्षबाईंना विचारून सुटे पैसे देत होता. माझ्या मते त्याचं शिक्षण तिथे झालं. चार तास स्टॉलवर उभं राहिलं की कळतं, लोक आधी चव मागतात, मग किंमत विचारतात, मग "घरी करतो आम्ही" म्हणतात, आणि पाच पावलं जाऊन परत येतात. परत येणाऱ्याला ओळखायला कुठलंच हत्यार नाही.

"मी होते ना तिथे," वहिनी पटकन बोलून गेल्या, आणि तितक्याच पटकन विषय हलव्यावर नेला. भाचीच्या बाळाचं बोरन्हाण आहे, काटेरी हलव्याचे दागिने हवेत. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. साहेबांना विचारलं तर त्यांनी हात जोडले. हलवा म्हणजे परातीत तीळ घेऊन मंद आचेवर चमच्या-चमच्यानं पाक सोडत तासन्‌तास हलवत बसायचं. हवा थंड आणि कोरडी असली तरच काटा फुलतो. आकडा लावून ते होत नाही, बोटांनीच करावं लागतं. तो म्हणाला, मी तीन संक्रांती शिकेन आणि मग घेईन ऑर्डर. मला हे फार आवडलं. नाही म्हणता येणारा धंदेवाला टिकतो. वहिनींना नाही आवडलं, कारण दागिने आता पुण्यातून आणावे लागणार.

"बरं, गोळ्या तरी घेतल्यात का बोरन्हाणाला?"

"दोन बरण्या. म्हटलं, गल्लीतल्या माणसाला काही कमी करा. तर म्हणतो कसा, वहिनी, कमी केलं तर पुढच्या घराला काय सांगू? पूर्ण तीनशे घेतले. वर पावती."

"शेजारी म्हणून चार गोळ्या तरी जास्त घातल्या का?"

"मोजल्या ना मी. एकीत त्र्याहत्तर, एकीत अठ्ठ्याहत्तर. विचारलं तर म्हणतो, हातानं कापलेल्या आहेत, वजन बरोबर असतं, नग नाही. वजन करून दाखवलंन."

"वहिनी, मोजून घेणाऱ्या तुम्ही. क्वालिटीला त्यानं तुम्हालाच ठेवायला हवं होतं."

वहिनींनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग भिंतीवर आणखी पुढे झुकल्या.

"ठेवलंय की. गेल्या महिन्यापासून दुपारी जाते दोन तास. कागद गुंडाळायला. किलोमागे पैसे देतो, रोखीनं. ह्यांना सांगितलंय भजनाला जाते म्हणून. आता तुम्ही कुठे बोलू नका."

"मी कशाला बोलतेय? आणखी एखादी बाई लागतेय का तेवढं विचारा."